ज्ञानाचं अंडं

केशोरीच्या गुजरीमागे, म्हणजे भाजीबाजारामागे, घातलेल्या मंडपात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चार-पाच गावांची माणसं जमली होती आणि सगळ्यांची नजर एका कोंबडीच्या अंड्यावर खिळली होती.

मंचावर झालरीचं टेबल, टेबलावर पाण्याने भरलेली काचेची बरणी. कुठूनसे आलेले धर्मप्रचारक ब्रदर रोशन पांढराशुभ्र सूट घालून एकेकाला वर बोलवत. माणूस अंडं पाण्यात सोडी, अंडं तळाला जाई. "देखो, आत्मिक अज्ञान! किती जड आहे!" ब्रदर कळवळून सांगत. मग सर्वांनी डोळे मिटायचे, कीबोर्ड दणाणायचा, प्रार्थना व्हायची. डोळे उघडावेत तर अंडं वर तरंगतंय! अज्ञान गेलं, ज्ञान आलं आणि ज्ञानाबरोबर रोगही पळाला, असं ब्रदर जाहीर करत. ज्ञानी माणसाने गोळ्या खाणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, म्हणून मंचाच्या कडेला एक टोपली ठेवली होती. तिच्यात बीपीच्या, शुगरच्या, दम्याच्या औषधांचा ढीग साचत होता.

मी कृषी सहायक. चमत्कार म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण खरं सांगतो, त्या अंड्याने माझीही मती गुंग केली. प्रार्थनेच्या वेळी मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर गाणाऱ्यांची रांग नेमकी टेबलासमोर उभी. काही दिसेना.

मी गेलो होतो शेजारच्या नूतनमुळे. तिच्या मुलीला, खुशीला, मिरगीचे म्हणजे फेफऱ्याचे झटके यायचे. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकही आला नव्हता, आणि गोळी चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या सकाळी नूतनने गोळ्यांचं पाकीट आल्याआल्याच टोपलीत टाकलं होतं. वाटेत मी खूप समजावलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, तुमाले देवाचं काय समजते?" ते मात्र खरंच होतं.

खुशीच्या आधी धुरपताबाईची पाळी आली. ही म्हातारी बारा वर्षांपासून येशूची प्रार्थना करते, दर रविवारी तिच्या पडवीत सात-आठ माणसं जमतात. गुडघे दुखतात म्हणून ती आली होती. तिचंही अंडं बुडालं. ब्रदरना कोण आनंद झाला! "बारह साल, माताजी, आणि अजून अज्ञान?" बिचारी ओशाळली. कीबोर्ड दणाणला, डोळे मिटले, उघडले. अंडं तरंगत होतं.

"घ्या माताजी, तुमचं ज्ञान हातात घ्या."

धुरपताबाईच्या बोटांना भेगा होत्या, उन्हाळी धान कापताना झालेली विळ्याची जखमही अजून भरली नव्हती. तिने हात बरणीत घातला आणि झटकन बाहेर काढला. हाताकडे पाहिलं. मग पुन्हा सावकाश घातला.

"हे झोंबून राहिलं," ती म्हणाली.

"आत्म्याचा स्पर्श आहे, माताजी."

"नाही बापा. असं मले दर जूनले झोंबते."

तिने बोट चाटलं. मग खुशीला वर बोलावून तिलाही चाटायला लावलं. "खारट हाय," खुशी म्हणाली. धुरपताबाईने टेबलाची झालर वर केली. खाली अगदी तशीच दुसरी बरणी होती, तिच्या तळाशी अंडं, आणि बाजूला अर्धी रिकामी मिठाची पिशवी. सगळ्यांचे डोळे मिटले की ब्रदर साध्या पाण्याची बरणी खाली ठेवून मिठाच्या पाण्याची, आधीच दुसरं अंडं तरंगत असलेली बरणी वर घेत होते.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दर जूनमध्ये गावोगाव हेच मी शिकवत फिरतो! धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकण्याआधी बादलीत अंडं तरंगेपर्यंत मीठ विरघळवायचं, मग बियाणं ओतायचं. पोचट दाणा वर येतो, भरीव खाली बसतो. मंडपातल्या निम्म्या लोकांनी हे स्वतःच्या हाताने केलेलं होतं. बादलीत दिसलं तेव्हा ती शेती होती, काचेच्या बरणीत दिसलं तेव्हा आम्ही हात जोडले.

"विश्वास कमी आहे तुमचा," ब्रदर घाम पुसत म्हणाले.

"अंड्याले कायचा विश्वास? मीठ टाकलं का तरंगते," म्हातारी म्हणाली.

मंडपात हशा उसळला. धुरपताबाई मात्र हसली नाही. ती नूतनकडे वळली. "मीबी भुललोच होतो, बाई. प्रार्थना घेणारे आमचे पाळक केवळराम सांगत, शहाणपण कमी पडलं तर देवाले मागावं, तो रागावत नाही. पोरीले दवाखान्यात नेलं, ते त्यानंच तुले देलेलं शहाणपण होतं. ते टोपलीत कायले टाकलं?"

नूतन टोपलीजवळ जाऊन बसली. ढीग उपसून तिने पाकीट शोधून काढलं. माझ्या बाटलीतल्या पाण्याने खुशीने सकाळची राहिलेली गोळी घेतली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तोवर टोपलीसमोर रांग लागली होती आणि पांढरा सूट गाडीच्या दिशेने निघाला होता.

कुणाची श्रद्धा मला हिसकावून घ्यायची नाही. धुरपताबाईच्या पडवीत अजूनही प्रार्थना होते, तिथेही डोळे मिटतात. पण जो तुमचे डोळे मिटवून स्वतःचे उघडे ठेवतो, त्याच्या टेबलाखाली जरूर वाकून पाहा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.

या जूनमध्ये मी बादलीत मीठ ढवळत होतो. अंडं हळूहळू वर आलं. पुढे बसलेल्या खुशीने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काका, डोळे मिटू काय?"

"आधी बोट बुडवून चाट," मी म्हटलं.