झमकूबाईंची चव्वेचाळीसची गाडी

धुळ्यात देवपूरला राहणाऱ्या झमकूबाईंनी सदुसष्टाव्या वर्षी बॅटरीची स्कूटर घेतली. तिला लायसन लागत नाही, असं त्यांचा भाचा पारस म्हणाला होता; स्कूटरचं दुकान त्याचंच. यजमान दलिचंदजींनी निषेध म्हणून दोन दिवस मौन पाळलं. घरात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

झमकूबाई रोज सकाळी स्कूटरवरून जैन स्थानकात प्रवचनाला जाऊ लागल्या. पहिल्याच आठवड्यात चौकातल्या कौतिक हवालदारांनी शिट्टी मारली.

“अक्का, नंबर प्लेट कुठंय?”

“नाहीये.”

“लायसन?”

“तेही नाही. मोटर अडीचशे वॅटच्या आतली, स्पीड पंचवीसच्या आत. कायद्यानं ही मोटारगाडीच नाही. सायकलवाल्याला लायसन विचारता का तुम्ही?”

हवालदारांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “बाई बरोबर बोलतेय. सोड तिला.”

“मी सोडलंय साहेब,” हवालदार हळूच म्हणाले, “तीच मला सोडत नाही.”

या प्रकारानंतर महिला मंडळातल्या आणखी पाच जणींनी पारसकडून स्कूटरी घेतल्या.

पर्युषणात झमकूबाईंनी आठ दिवसांचे उपवास धरले. स्कूटर पुलाच्या चढावर कण्हते म्हणून त्या दिवसांत ती सर्व्हिसिंगला पारसकडे ठेवली. पारणं झालं, त्या स्कूटरवर बसल्या आणि स्कूटर उधळलीच. रिक्षा मागे पडल्या. एक बुलेटवालाही मागे पडला.

“तपानं अंग हलकं झालं,” झमकूबाईंनी स्थानकात सांगितलं. ऐकून दोघींनी पुढच्या वर्षीच्या उपवासाचा तिथंच संकल्प सोडला.

महिनाभरानं चौकात आरटीओची तपासणी लागली. इन्स्पेक्टर भूमिका पाटील नावाची तरुण मुलगी होती. झमकूबाईंनी वॅट आणि स्पीड म्हणून दाखवलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं, मग स्वतः स्कूटरवर बसून एक फेरी मारून आली.

“चव्वेचाळीस,” ती म्हणाली.

“मी आठ उपवास केलेत,” झमकूबाई म्हणाल्या.

“मावशी, उपवास तुम्ही केलेत. आत्ता गाडीवर मी बसले होते. आणि मी पोहे खाऊन आलेय.”

पंचवीसच्या वर गेली की ती मोटारगाडी झाली, मग नोंदणी, विमा, लायसन, हेल्मेट सगळंच आलं, असं भूमिकानं समजावलं आणि गाडी जप्त केली. होती तशी करून घ्या, मग सोडते, म्हणाली. कौतिक हवालदारांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

“आते बठ्ठा कायदा लागू शे, अक्का! सगळाच्या सगळा!”

झमकूबाई तडक पारसच्या दुकानात गेल्या.

“आत्या, स्पीड अडवणारी एक वायर काढली फक्त,” पारस चाचरत म्हणाला. “तुम्हीच म्हणत होता ना, पुलावर चढत नाही.”

त्या स्टुलावर बसल्या. गाडी गेल्याचं दुःख नव्हतं. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढले आणि त्याचं पुण्य एका वायरीएवढं निघालं, हे मनाला लागलं. डोळ्यांत पाणी आलं. मग पोहे आठवले आणि हसूही फुटलं.

“अजून कुणाकुणाच्या काढल्यास?”

“पाचही जणींच्या,” पारस पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी पाच जणी स्कूटरी घेऊन दुकानापुढे रांगेत उभ्या होत्या. झमकूबाईंनी समोर बसून प्रत्येकीची वायर जोडून घेतली. मग पारसला आरटीओत नेऊन आपल्याही गाडीची वायर जोडून घेतली आणि ती सोडवून आणली.

पण पंचवीसचा स्पीड आता सोसवेना. शाळेची पोरं सायकलवरून टाटा करत पुढे जायची. तीन आठवडे त्यांनी कळ काढली, मग ती गाडी सुनेला, हिनाला, देऊन टाकली आणि स्वतः आरटीओत जाऊन लर्निंग लायसनच्या परीक्षेला बसल्या. एकच उत्तर चुकलं. प्रश्नच चुकीचा आहे, म्हणून तिथल्या कारकुनाशी अर्धा तास वाद घातला. पुढे पक्कं लायसन आलं, नंबर प्लेटवाली स्कूटर आली.

पहिल्या रविवारी दलिचंदजींना मागे बसवून त्या हायवेनं सोनगीरला गेल्या. दलिचंदजी सबंध रस्ताभर डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होते. किल्ल्याखाली चहा घेताना हिनाचा फोन आला.

“सोनगीरला आहोत,” दलिचंदजी म्हणाले. “नाही गं, बसनं नाही. हिच्या मागे बसून आलो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “परत येताना अजून जोरात आण म्हणून सांगणार आहे.”