मुद्दाम बिघडवलेली ओळ

तैवानमधल्या कीलुंगच्या बंदरामागच्या गल्लीत लान यू-येनं नवऱ्याच्या जोडीनं आयुष्यभर सूपचं दुकान चालवलं. तो गेला, तिचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तिनं दुकान भाड्यानं दिलं आणि वरच्या मजल्यावर एकटी राहू लागली. खाली परक्याचं पातेलं उकळायचं, वास मात्र वर यायचा. मुलगी पेइ-रोंग शिंचूला, संगणकाच्या कंपनीत. सणावाराला यायची, जेवायची, फोनमध्ये डोकं घालून बसायची. काम काय करतेस विचारलं की म्हणायची, "जाऊ दे आई, तुला नाही कळायचं."

म्हणून यू-येनं पालिकेच्या केंद्रात प्रोग्रामिंगच्या शिकवणीला नाव घातलं.

सुरुवातीचे धडे तिनं कसेबसे निभावले. 'इनहेरिटन्स', म्हणजे वारशाचा धडा आला आणि गाडी अडली. झ्वो सर सांगत होते, "प्राणी हा पालक-क्लास, म्हणजे मूळ साचा. कुत्रा, मांजर ही त्याची मुलं. पालकाचं सगळं मुलांना आपोआप मिळतं."

"सगळं मुलांना दिलं, तर पालकाकडे काय उरतं?" यू-येनं विचारलं.

सगळे हसले. सरही हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलीच्या जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन लावला.

"बरी आहेस ना?" पेइ-रोंगनं आधी तेच विचारलं.

"बरी आहे गं. ते इनहेरिटन्सचं डोक्यात शिरत नाहीये."

पेइ-रोंग हसली. "तू हे शिकतेयस? बरं, कुत्री-मांजरं सोड. आपलं सूप घे. पाणी, मीठ, उकळणं, वाढणं, हे सगळ्या सूपांना लागतं ना? ते 'सूप' नावाच्या क्लासमध्ये एकदाच लिही. मग 'माशाच्या गोळ्यांचं सूप' असा नवा क्लास कर आणि एवढंच सांग, की हे सूपचं मूल आहे. उकळणं परत लिहायचं नाही, ते त्याला येतंच. गोळे तेवढे नवीन लिही."

"आणि वाढताना वर सेलेरी टाकायची असेल तर?"

"मग 'वाढणं' मुलात पुन्हा लिही. गोळ्यांचं सूप तुझ्या नव्या पद्धतीनं वाढलं जाईल. मूळ सूपला धक्का लागत नाही. त्याचं त्याच्याकडे सगळं तसंच राहतं. ही वाटणी नव्हे, आई."

दोघी बराच वेळ बोलल्या. पेइ-रोंगला बाबांचं माकूळ मासळीचं घट्ट सूप आठवलं, त्याचाही क्लास करायला सांगितलं तिनं. संध्याकाळपर्यंत यू-येचा प्रोग्राम बिनचूक चालला. तिला सगळं कळलं होतं.

तरी तिनं परत फोन केला. "कळलं नाही गं." पेइ-रोंगनं पुन्हा सांगितलं, जरा घाईत. नंतरच्या वेळी यू-येनं आपल्याच प्रोग्राममधली एक ओळ बिघडवली, पालकाचं नाव गाळलं आणि तिला पाठवून दिली.

दुपारी मुलीचाच फोन आला. "आई, माकुळाच्या सूपमध्ये तू 'वाढणं' बरोबर बदललंयस. मूळचं वाढणं आधी बोलावून घेतलंस, मग त्यात व्हिनेगर. हे मी तुला सांगितलंच नव्हतं. ज्याला एवढं जमतं, तो पालकाचं नाव लिहायला विसरत नाही."

यू-येनं पडद्यावरची ती ओळ पाहिली.

"मुद्दाम केलंस ना?"

"तू समजावून सांगतेस, ते ऐकायला बरं वाटतं."

पलीकडे कुणीतरी पेइ-रोंगला हाक मारली. "आई, लोक थांबलेत माझ्यासाठी," ती हळू आवाजात म्हणाली. "ठेवते."

यू-येनं ओळ दुरुस्त केली. प्रोग्राम चालवला. पडद्यावर तिन्ही सूपं तयार असल्याचं उमटलं. ते ती वाचत बसली.

त्यानंतर दुपारी फोन लावायला तिला संकोच वाटू लागला. मुलीचाही आला नाही. पुढच्या शिकवणीत झ्वो सरांनी नवा धडा काढला, आणि तो अवघड आहे म्हणून दोनदा बजावलं. तो यू-येला पहिल्याच वेळी समजला. घरी परतताना तिला त्याचंच वाईट वाटत राहिलं.