जिरेनियमच्या वाफ्यातली मी

मित्रांनो, तुमच्या माळावर रुई उगवते ना, तिची मी दूरची बहीण. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहान गावात, आर्लिसबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मी कैक वर्षं राहते आहे. उन्हाळ्यात मला केशरी फुलांचे झुबके येतात. लोक मला फुलपाखरांचं तण म्हणतात. त्यातलं 'तण' तेवढं मला बोचतं.

बाईंनी माझं बी रेल्वेच्या रुळांकडेने वेचून आणलं. थंडी सोसल्याशिवाय ते रुजत नाही, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावरच मातीत टाकलं. पहिली काही वर्षं मी फुललेच नाही. बाईंचे यजमान ऑर्विल चेष्टा करायचे, "काड्यांना पाणी घालतेस होय गं?" मी फुलले, तेव्हा तेच खुर्ची ओढून माझ्यापाशी कॉफी पीत बसू लागले. ते गेल्यावर बाई एकट्या बसत.

माझी एक खोड आहे. सगळी बाग हिरवी झाली तरी माती तापेपर्यंत मी वर येत नाही. म्हणून माझ्या वाळक्या काड्या बाई हिवाळाभर तशाच ठेवत. तीच माझी खूण.

यंदा वसंताच्या सुरुवातीला बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या इस्पितळात असताना मुलगा डेल्मर आणि सून लव्हॉन यांनी अंगण लख्ख केलं. माझ्या काड्याही गेल्या. मग लव्हॉनने फावडं घातलं. माझं मूळ गाजरासारखं सरळ आणि खोल. त्याचा माथाच तुटला. वर लाल जिरेनियम लागले. मी अंधारात तळमळत होते. जखमेच्या कडेला नवा कोंब फुटेपर्यंत बाई मला मेलेलीच समजतील, या विचाराने मला चैन पडेना.

बाई घरी आल्या. वाफ्याकडे बघून म्हणाल्या, "हे वेगळंच दिसतंय हं."

लव्हॉनचा चेहरा उतरला. आमच्या गावात 'वेगळंच' म्हणजे 'आवडलं नाही', हे सगळे जाणतात. पण कुणी मायेने केलेल्या कामाला नाव ठेवायची रीत नाही. बाई पुढे बोलल्या नाहीत, लव्हॉनने विचारलं नाही. तिने रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या पुढे केल्या, बाईंनी आणखी एक मागून घेतली. रोज मात्र बाईंच्या वॉकरचे पाय माझ्या वाफ्यापर्यंत ठकठकत यायचे आणि थांबायचे.

जून उजाडला तशी मी एका अंगाने वर आले, बारीक आणि केसाळ. लव्हॉन खुरपत होती. तिने मला बुंध्याशी धरलं.

"लव्हॉन, हात काढ," बाई दारातून म्हणाल्या.

"अहो आई, तण आहे हे."

"असू दे. माझं आहे. ऑर्विल इथे बसायचा." बाई वॉकर टेकत पुढे आल्या. "आणि तुझे जिरेनियम मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत."

लव्हॉन मातीतच बसली. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू एवढी खपलीस. कुठल्या तोंडाने बोलू?"

"आणि मी रोज जीव मुठीत धरून येत होते. तुम्ही काय ते एकदाचं बोलाल म्हणून."

दोघी हसल्या, मग बाईंनी डोळे पुसले. लव्हॉनने एकेक जिरेनियम काढून कुंडीत लावला आणि आपल्या घरी नेला.

मित्रांनो, उघडी माती दिसली की ती रिकामीच आहे असं धरून चालू नका. फावडं घालण्याआधी घरातल्या माणसांना विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर भीड न बाळगता सांगा.

यंदा मला फुलं येणार नाहीत. सगळा जोर तुटलेलं मूळ सावरण्यात जातो आहे. बाई परवा लव्हॉनला म्हणत होत्या, पुढचा उन्हाळा बघायला मिळाला तर बरं. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. घाई हा माझा स्वभाव नव्हे, पण आता मी घाई करते आहे.