मांडीवरचं आइस्क्रीम

वहिनीचा फोन आला तेव्हा धाकटीचे दोन्ही हात कोपरापर्यंत दुधाने माखले होते. धाकटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. चाळिशी ओलांडली, आइस्क्रीमचं स्वतःचं दुकान थाटलं, नवऱ्याला कामाला लावलं, तरी नाव आपलं धाकटीच.

"ऑपरेशन चांगलं झालं गं," वहिनी रडू दाबत सांगत होती. "घशातली जखम भरली, आता गिळायला हरकत नाही म्हणतात. पण पाण्याच्या पहिल्याच घोटाला ह्यांना असा ठसका लागला की जीवच घाबरला. तेव्हापासून ओठ शिवल्यासारखे. उद्या संध्याकाळपर्यंत तोंडाने काही गेलं नाही, तर पोटाला भोक पाडून नळी घालणार."

"आइस्क्रीम देऊन पाहिलंत?"

"इथल्या आइस्क्रीमकडे ढुंकून बघितलं नाही. तुझ्या हातचं आणू का विचारलं, तेव्हा कुठे मान हलली."

"आडवी की उभी?"

"उभी."

"मग झालं तर! उद्या घेऊन येते."

घेऊन येते म्हणे! नवऱ्याने कपाळावर हात मारला. दिवसभराचा प्रवास, ऊन पेटलेलं, आणि तिकडच्या बसमध्ये मांडीवर मावेल तेवढंच सामान घेऊ देत. दुकानातली बर्फाची पेटी उचलायला तर दोन गडी लागत.

"पोचेपर्यंत त्याचं दूध होईल," नवरा म्हणाला. "तुझं आपलं नेहमीचंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला."

"जीभ आहे तसं डोकंही आहे मला. तुमचा लोकरीचा स्वेटर काढा बघू."

"ह्या उन्हात स्वेटर?"

"घालायला नाही मागितला! लोकर आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही ना? मग बाहेरची तरी आत कशी जाऊ देईल?"

नवऱ्याला पटलं की नाही कोण जाणे, पण स्वेटर आला. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास तिने झाकण काढून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. कोमट थर्मासमध्ये आइस्क्रीम भरणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देणं. सकाळी त्यात आइस्क्रीम दाबून दाबून काठोकाठ भरलं, हवेला जागाच ठेवली नाही. दोन छोट्या बाटल्यांत मिठाचं पाणी गोठवलं होतं, कारण मिठाचा बर्फ साध्या बर्फापेक्षा जास्त गार असतो. त्या थर्मासच्या दोन्ही अंगांना बांधल्या, वरून वर्तमानपत्राचे थर, त्यावर स्वेटर, आणि सगळं गाठोडं एका कापडी पिशवीत. तिचे स्वतःचे कपडे? एक जोडी, तीही गाठोड्याभोवतीच गुंडाळलेली. कपड्यांनी तरी फुकट का बसावं!

बसमध्ये शेजारी एक म्हातारबाबा होते, वेळ जात नाही म्हणून दुसऱ्याच्या पिशवीत डोकावणारे. आत आइस्क्रीम आहे कळल्यावर त्यांना फारच मौज वाटली.

"बाई, पिशवी खाली ठेवा ना. मांडी अवघडेल."

"खाली इंजिनाची धग आहे, काका. मांडी माझी अवघडेल, तुमची नाही."

भर दुपारी रेल्वेचं फाटक पडलं आणि बस उन्हात उभी राहिली ती राहिलीच. गाड्यांची रांग लागली. ऊन सरकत सरकत थेट धाकटीच्या मांडीवर आलं. तिने पिशवीवर दोन्ही हात आडवे धरले. दादाला नळी लागली तर तो पुन्हा तोंडाने खाईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. आणि दादा हट्टी. आई गेल्यावर ह्याच दादाने तिला भरवून भरवून मोठं केलं होतं.

"एकदा झाकण उघडून बघून तर घ्या," काका म्हणाले. "पाणी झालं असेल, तर निदान आपण पिऊन टाकू."

"बघितल्याने गार होत असतं तर मी डोळे मिटले नसते! उठा काका. तुमची जागा सावलीत आहे, ती मला द्या."

"आणि मी?"

"तुम्ही काही वितळत नाही!"

मागच्या बाकावरची माणसं हसली. काका पुटपुटत उठले, उन्हात बसले आणि डोक्यावर रुमाल घेतला. थोड्या वेळाने स्वतःच तो रुमाल खिडकीला लावत म्हणाले, "तुमच्या पिशवीकडे येणारी झळ तरी अडेल." माणूस तसा वाईट नव्हता.

दवाखान्यात ती पोचली तेव्हा दिवस कलला होता आणि डॉक्टरांची फेरी व्हायची होती. दादा उशीला टेकून बसला होता. बाजारात लिलाव पुकारणारा तो खणखणीत माणूस, आता त्याच्या खांद्यांची हाडं दिसत होती. धाकटीला भडभडून आलं, पण रडायला वेळ कुठे होता? तिने गाठोडं सोडलं, झाकण फिरवलं, चमचा खुपसला. चमचा वाकला!

"बघा वहिनी! दगड आहे दगड!" तिला टाळी द्यायला कुणीतरी हवं होतं.

वहिनीचा चेहरा मात्र उतरला. "अगं, पण डॉक्टरांनी मऊ सांगितलंय. असा गोळा घशाखाली गेला तर पुन्हा ठसका लागायचा."

घ्या! दिवसभर जे वितळू नये म्हणून जीव टाकला, ते आता वितळवायचं. तेही गारपणा न घालवता. खिडकीतल्या उन्हात ठेवलं तर कडेने पाणी आणि मध्ये दगड. धाकटीने खरवडून खरवडून स्टीलची वाटी भरली, दोन्ही तळव्यांत घट्ट धरली आणि चमच्याने हळूहळू घोटायला लागली.

"असा बघू नकोस," ती दादाला म्हणाली. "तुला घाबरायचंय तितकं घाबर. मी आहे इथे."

दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती घोटत राहिली. बोटं आधी लाल झाली, मग पांढरी. चमचा हातातून सुटला, तिने पुन्हा उचलला. बोटं मिटेनात तेव्हा वाटी मनगटांच्या मध्ये दाबून धरली. वहिनी म्हणाली, "मी धरते," तर तिने मान आडवी हलवली. आइस्क्रीम लोण्यासारखं मऊ झालं तरी तिने वाटी सोडली नाही, कारण खाली ठेवली असती तर कडेपासून पाणी सुटलं असतं आणि पाण्याचीच तर दादाला धास्ती होती.

दादाने कधी मान वळवली ते तिला कळलंच नाही. तो वाटीकडे बघत नव्हता. तिच्या हातांकडे बघत होता. त्याने हात पुढे करून वाटी ओढली. तिने दिली नाही.

"आधी आ कर."

त्याचे डोळे भरून आले. मग त्याने तोंड उघडलं.

तिने जेमतेम चिमूटभर आइस्क्रीम जिभेवर ठेवलं. गळ्याची घाटी वर गेली, थांबली. वहिनीने पदर तोंडात धरला. घाटी खाली आली. ठसका नाही!

"डॉक्टरांना बोलवा!" वहिनी दाराकडे धावलीच.

दादाने खाली बोट दाखवलं, वाटी ठेव म्हणून.

"ठेवते," धाकटी म्हणाली, आणि आता ती उघड उघड रडत होती. "पण तू तोंड मिटायचं नाहीस."