टाकीला चिकटणारा रुद्राक्ष

कमानिया गेटजवळच्या जुन्या मोटरसायकलींच्या गल्लीत मंगळवारी पाय ठेवायला जागा नसायची. मोटरसायकलीवरचा रंग कंपनीतला की गॅरेजातला, हे रंगबाबा रुद्राक्षाने ओळखत. बँकेतले, फॅक्टरीतले, कॉलेजातले लोक चपला काढून रांगेत उभे राहत आणि आपापल्या गाडीचं नशीब ऐकून जात.

बाबांसमोर पितळी तांब्या, त्यात नर्मदेचं पाणी, तोंडावर लाल कापड. कापडाखाली हात घालून बाबा काळ्या दोऱ्याला बांधलेला रुद्राक्ष काढत आणि टाकीजवळ धरत. रंग अस्सल असला तर रुद्राक्ष आपसूक ओढला जाऊन टक्कन टाकीला चिकटे. नकली असला तर नुसता झुलत राही. मग तो पुन्हा तांब्यात जाई, शुद्ध व्हायला.

"कंपनी का रंग माँ का दूध," बाबा डोळे मिटून सांगत, "गॅरेज का रंग डिब्बे का पावडर. रुद्राक्ष सब पहचानता है." डोळे मिटलेले असले तरी पुढची गाडी कोणाची, हे बाबांना बरोबर कळत असे.

त्या मंगळवारी रांगेत विनता होती. गाडी तिच्या नवऱ्याची, रत्नाकरची. तो जाऊन वर्ष झालं होतं. कंपनीच्या वर्धापनदिनाला मोजक्याच निघालेल्या गाड्यांतली ही एक होती, काळीभोर, अंगावर कारागिराने हाताने ओढलेली सोनेरी रेघ. "हिच्या रंगाला बाहेरचा हात लागलेला नाही," असं रत्नाकर प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवायचा. या वर्षी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ती त्याच्या नावाची पाटी लावून ठेवायची, असं विनताने ठरवलं होतं. शेजारचे दिवाकरभाऊ म्हणाले, आधी बाबांना दाखवून घ्या, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही.

रुद्राक्ष झुलत राहिला.

"माताजी, यह रंग झूठा है. तुम्हारे आदमी ने तुमसे छुपाया. अब ऐसा झूठ घर में रखोगी तो..." बाबांनी वाक्य अर्धवट सोडलं. अर्ध्या वाक्याने माणूस जास्त घाबरतो, हे त्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवत असावेत. शेजारच्या दुकानातून बाबांचा भाचा लगबगीने आला आणि म्हणाला, "दीदी, ऐसी गाडी कोई नहीं लेगा. आपके लिए मैं रख लूँगा." त्याच्या दुकानात अशा उपकारांच्या बऱ्याच गाड्या उभ्या होत्या.

विनताला अपशकुनाची भीती नव्हती. रत्नाकर आपल्याशी खोटं बोलला का, एवढंच तिला पोखरत होतं. चोरून पान खाल्लं तरी घरी येऊन कबूल करणारा माणूस होता तो.

रत्नाकरची धाकटी बहीण शरयू नुकतीच नागपूरहून इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला आली होती आणि विनताकडेच राहत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, तो रुद्राक्ष चिकटतो तरी कशाला?"

"अस्सल रंगाला."

"अच्छा. मग रंगवलेल्या भिंतीला काहून नाही चिकटत? आणि तांब्यात जो जातो तोच बाहेर येतो, हे पाहिलं का तू?"

विनताने पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही आहे, हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी दोघी गाडी घेऊन पुन्हा गेल्या. गाडी द्यायलाच आल्या असं समजून बाबांनी आनंदाने रुद्राक्ष झुलवून दाखवला. तो तांब्याकडे परत नेणार तोच विनता म्हणाली, "बाबा, मलाही शुद्ध होऊ द्या." कोणी काही म्हणायच्या आत तिने कापड बाजूला सारून हात तांब्यात बुडवला. तिच्या बांगडीत दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या, बायकांच्या असतातच. हात वर आला तेव्हा पिनांना काळ्या दोऱ्याचा दुसरा रुद्राक्ष लटकत होता. पहिला अजून बाबांच्या बोटांत होता.

"माता को प्रसाद मिला है," बाबा म्हणाले. हजरजबाबीपणात माणूस कमी नव्हता.

शरयूने तो प्रसाद टाकीला लावला. टक्. दुकानाच्या शटरला लावला. टक्. शोरूममधून कालच आलेल्या स्कूटरच्या प्लॅस्टिकला लावला, तिथून तो घसरून पडला. मग दगडाने फोडला. आत चुंबकाची चकती होती. सोयीच्या गाडीला चुंबकाचा रुद्राक्ष आणि भाच्याला हवी असलेल्या गाडीला साधा, एवढीच काय ती सिद्धी.

"मग अस्सल ओळखायचं कसं?" सोबत आलेल्या दिवाकरभाऊंनी विचारलं.

"रेघेवरून नख फिरवा," शरयू म्हणाली. "कंपनीत रेघेवर वार्निशचा थर देतात, तिथे नख अडकत नाही. वरून चिकटवलेली असली तर कडेला अडकतं. आणि सुटे भाग आधी रंगवून मग जोडतात. म्हणून वायरीवर, रबरावर रंगाचे तुषार दिसले तर काम बाहेरचं."

तिने नख फिरवलं. टाकी साफ होती. सीटखालचं उजवं झाकण साफ होतं. डाव्या झाकणाच्या रेघेवर नख अडकलं, आणि शेजारच्या वायरीवर काळे बारीक ठिपके दिसले.

"म्हणजे बाबा बरोबरच होते," मागून कोणी म्हणालं.

"बाबांनी टाकी खोटी म्हटली. या झाकणाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही," शरयू म्हणाली. पण वहिनीकडे बघायचा तिला धीर होईना.

विनता त्या झाकणावर हात ठेवून उभी होती. रिछाईत, रविवारी बंद असलेल्या कारखान्यांच्या रिकाम्या रस्त्यावर, रत्नाकरने तिला ही गाडी शिकवली होती. पहिल्याच वळणावर तिने ती डावीकडे पाडली. "साधा ओरखडाही नाही आला, चल, बस पुन्हा," तो म्हणाला आणि तिला ती बाजू पाहूही दिली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला गेली.

ती हसली आणि हसताना तिचे डोळे भरून आले. तिने गाडी चालवणं सोडू नये म्हणून आपल्या लाडक्या गाडीबद्दल हा माणूस जन्मभर खोटं बोलत राहिला होता.

"पाटीवर तसंच लिहीन," ती म्हणाली. "टाकी कंपनीची, डावं झाकण बायकोने पाडल्यावर रंगवलेलं. मेळाव्यात घ्यायची तर घेतील."

तोवर बाबा आणि भाचा दुकानाचं शटर आतून ओढून घेत होते. दिवाकरभाऊंनी शरयूपुढे हात जोडले. "ताई, आता तुम्ही सांगाल तेच खरं."

"नाही, भाऊ," विनताच मध्ये बोलली. "बाबाचं मानू नका, हिचं मानू नका, माझ्या नवऱ्याचंही मानू नका. मी मानलं होतं. हे घ्या झाकण, आपलं नख लावून पाहा."