सगळ्यांनी म्हटलेली ओळ

अर्धांगाचा झटका आल्यापासून ड्रायव्हरकाकांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. "चला." भूक लागली की चला, राग आला की चला, लघवीला जायचं असलं तरी चला. जन्मभर बस चालवलेल्या माणसाकडे नेमका हाच शब्द राहावा, याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना हसू यायचं. त्यांच्या बायकोलाही सुरुवातीला आलं होतं. वर्ष उलटल्यावर मात्र तो शब्द ऐकला की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

बायकोला सगळे टेलरबाई म्हणत. मशीन बाहेरच्या खोलीत, आणि मशीनसमोर काकांची खाट. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायची आणि मधल्या वेळात लोकांच्या पँटा आखूड करायच्या, असा टेलरबाईंचा दिवस जायचा. मुलगा दुसऱ्या शहरात होता. फोनवर म्हणायचा, "आई, बाबांशी बोलत राहा, म्हणजे बोलायला लागतील." बोलून बोलून टेलरबाईंचाच घसा बसला.

ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईने वाचनालयाच्या तळघरातल्या गाण्याच्या वर्गाबद्दल सांगितलं. शनिवारी सकाळी असतो, कुणीही यावं, वयाची अट नाही, गळ्याची तर नाहीच. टेलरबाईंनी काकांना चाकाच्या खुर्चीत घातलं आणि नेलं.

तिथे शाळेतली पोरं होती. बहिरे झालेले एक पोस्टमन होते. ढोलाचा ठोका तळपायाला कळावा म्हणून ते चपला काढून लाकडी फळ्यांवर उभे राहायचे. सगळे जिला चिमणी म्हणून हाक मारत अशी एक तिशीची मुलगी होती. तिची मान सावरत नसे, शब्दही फुटत नसत, पण समेवर ती अशी किंचाळायची की एकदाही चुकली नाही. वर्ग घेणाऱ्या ताई पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. त्यांचा एकच नियम होता. एकाने जे म्हटलं ते सगळ्यांनी म्हणायचं, जसं म्हटलं तसंच.

काकांच्या डाव्या हातावर थापट्या देत ताई अंगाईसारखी चाल गुणगुणायच्या. "बोलायचं नाही काका, गायचं. पाणी दे, पाणी दे."

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी काकांच्या गळ्यातून सुरात, अगदी स्पष्ट निघालं, "पाणी दे." सगळ्या तळघराने ते म्हटलं. टेलरबाई तोंडाला पदर लावून बाहेर जिन्यावर जाऊन बसल्या.

त्यानंतर घरात गाणं सुरू झालं. काका गाऊन चहा मागायचे, गाऊन खिडकी लावायला सांगायचे. टेलरबाईंनी मुलाला फोनवर ऐकवलं, तेव्हा तो लहान पोरासारखा रडला. "बघ, मी म्हणत होतो ना?" म्हणाला.

मग एका शनिवारी ताईंनी प्रत्येकाला मनातली एक ओळ गायला सांगितली. एका पोराने गायलं, उद्या शाळा बुडू दे. सगळ्यांनी हसत म्हटलं. काकांची पाळी आली. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. काका टेलरबाईंकडे बघत होते.

"पुरे झालं गं," त्यांनी गायलं, "आता जाऊ दे मला."

चाल गोड होती. ढोल वाजत होता. कुणाच्या काही लक्षात यायच्या आत पोरं, म्हातारी माणसं, सगळी एका सुरात म्हणाली, "पुरे झालं गं, आता जाऊ दे मला." समेवर चिमणी किंचाळली. मग ताईंचा हात थांबला, आणि एकेकाचा आवाज गळत गेला.

टेलरबाईंनी खुर्ची वळवली आणि चालू लागल्या. घरी दार लावल्यावर फुटल्या. "माझी हाडं झिजली तुमच्यापायी आणि तुम्ही हे गाता? चारचौघांत?"

काकांनी पुन्हा सूर धरला. "पुरे झालं—"

"गप्प बसा!" टेलरबाई ओरडल्या. "एक शब्द बोलू नका!"

काका गप्प बसले. त्यानंतर त्यांनी पाणीसुद्धा गाऊन मागितलं नाही. टेलरबाई आर्जवं करून थकल्या. मीच मूर्ख, म्हणाल्या. शेवटी एका दुपारी खाटेवर बसून त्यांनी सरळ विचारलं, "अहो, ते खरंच म्हणाला होतात का?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "चला," म्हणाले.

थंडीत काकांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. त्यातून निघाले तरी पूर्वीइतकेही राहणार नाहीत. तुम्ही ठरवा." मुलगा सकाळीच येऊन पोचला होता.

"घाला," तो म्हणाला.

"नको," टेलरबाई म्हणाल्या.

"आई, वेड लागलंय का तुला?"

"त्यांनीच सांगितलंय. गाऊन सांगितलंय."

"काय सांगितलं?"

त्यांनी ओळ सांगितली. गायला जमलं नाही, नुसती बोलल्या.

मुलगा उसळला. "अगं, पुरे झालं म्हणजे गाणं पुरे झालं असेल! जाऊ दे म्हणजे घरी जाऊ दे! खुर्चीत अवघडले असतील!"

हे टेलरबाईंच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं. "असेलही," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे बघून म्हणाले."

नळी घातली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले. टेलरबाईंचा हात त्यांच्या छातीवर होता. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तो परत गेल्यावर ताई घरी आल्या. "मी सगळ्यांना म्हणायला लावायला नको होतं," पाण्याचा पेला हातात धरून त्या म्हणाल्या.

"बरं झालं लावलंत," टेलरबाई म्हणाल्या. "ते एकटेच म्हणाले असते, तर मी ऐकलंच नाही असं केलं असतं."

ताई रडल्या. टेलरबाईंना रडू आलं नाही. एक पँट त्याच दिवशी द्यायची होती, ती त्यांनी पुढ्यात घेतली.

मुलगा फोन करतो. जेवलीस का विचारतो, तब्येतीचं विचारतो. बाबांचा विषय तो काढत नाही, आणि त्याही काढत नाहीत.