फिकट रोपं

थोरल्याने मिरचीच्या वाफ्यावरचा काळा कागद ओढून काढला आणि त्याचं डोकंच फिरलं. रोपं उगवली होती, पण पांढरट पिवळी, लुळी पडलेली. यंदाची सगळी लागण या एका वाफ्यावर होती. बांधापलीकडे धाकटा भाऊ पाठीवर बॅटरीचा पंप घेऊन तणनाशक मारत होता. आणखी पुरावा कशाला हवा? बांधावरून दोघांत आधीच विस्तव जात नव्हता.

"माझी रोपं जाळलीस ना रे, हरामखोरा?"

"दादा, मी माझ्या बांधावरचं गवत मारतोय. तुझ्या वाफ्याकडे फिरकलोसुद्धा नाही."

"वर तोंड करून खोटं बोलतोस?"

थोरल्याने फावडं उचललं. पहिला दांडा पाठीत बसला. दुसरा अडवायला धाकट्याने हात वर केला, तर मनगटाचं हाड कडकन मोडलं. तो चिखलात पडला तरी थोरला लाथा घालतच होता. तोंड फुटलं, एक दात मातीत गेला. शेवटी थोरल्याच्या बायकोनं मधे पडून फावडं हिसकावलं.

"अहो, आधी इकडे बघा," म्हणत तिने नवऱ्याला वाफ्याशी ओढलं. कागद जिथे फाटला होता, तेवढ्याच जागेवरची रोपं हिरवीगार, ताठ उभी होती. "तणनाशक काय भोक बघून रोपं सोडतं? तुम्ही तापाने पडलात आणि कागद काढायचा राहिला. मीही विसरले. उजेडाशिवाय पानात हिरवा रंग भरणार कसा? त्या रंगाच्या जोरावरच पान उन्हात आपलं अन्न शिजवतं. बियातलं होतं ते संपलं, आता उपाशी आहेत बिचारी. ऊन खाऊ द्या, धरतील."

थोरल्याला लाज वाटली, फार वाटली. पण 'चुकलो' एवढं काही तोंडातून निघालं नाही.

रोपं खरंच धरली. वाफा हिरवा झाला, तसा थोरला रोज तिथे जाऊन बसू लागला. एका सकाळी धाकटा आला. हात गळ्यात बांधलेला, ओठ अजून सुजलेले, पाठीवर पंप. बांध ओलांडून तो सरळ वाफ्यात शिरला आणि चांगल्या हाताने नळी धरून फवारू लागला.

"अरे, काय करतोस हे?"

"मार खाऊन झालाय, दादा," धाकटा म्हणाला. "काम तेवढं राहिलं होतं."

वहिनी पुढे धावली. थोरल्याने तिचा दंड धरला आणि धाकटा शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो सोडला नाही.